ओटा उंच करून द्या

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. मी गवंडी माणूस. चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग वडिलांबरोबर थापी हातात घेतली ती सत्तरीपर्यंत सोडली नाही. लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट तोंडाने सांगायला गेलो की ऐकणारा मध्येच म्हणतो, "जाऊ द्या काका, तुमची काय चूक." चूक माझीच आहे. कागदावर लिहिली म्हणजे मध्ये कोणी बोलणार नाही.

आमचं घर बडोद्यात, वाडी भागात. खाली दोन खोल्या, वर एक पत्र्याची. गल्ली एवढी अरुंद की समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकाने पाय टेकत मागे जायचं. घरापुढे ओटला होता. दारालगतची दगडी बैठक, तीन फूट रुंद, घराच्या लांबीएवढी. बडोद्यात आम्ही मराठी माणसंही गुजराती लोकांसारखं त्याला ओटलाच म्हणतो. बायको खानदेशातली. तिच्या माहेरी त्याला ओटा म्हणतात. आणि मी ओटा म्हणतो तो स्वयंपाकघरातला, गॅस ठेवतात तो. पण त्या वेळी आमच्या घरात तसला ओटाच नव्हता, त्यामुळे तिचा ओटा आणि माझा ओटला एकच, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. कधी अडलं नाही.

लग्न होऊन आली तेव्हा तिला गुजरातीचा एक शब्द येत नव्हता. ती ओटल्यावर बसून शिकली. समोर एक बेन राहतात. त्यांच्या घराखाली दुकानाचं शटर, बसायला वीतभर जागा नाही. त्या दुपारी चारला शाक निवडायला आमच्या ओटल्यावर यायच्या. त्यांच्या मागून आणखी दोघीतिघी. वाटाणे सोलायचे, मेथी निवडायची आणि बोलायचं. कोणाची सून रुसून सावली गावाला माहेरी गेली, कोणाचा भाऊ नंदेसरीच्या कारखान्यात लागला, सगळं तिथे कळायचं. मी कामावरून आलो की बेन म्हणायच्या, "चालो, शेठ आव्या." शेठ कसला, डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट. बायको हसायची, देठं झाडून गोळा करायची आणि आत यायची. जेवताना मला गल्लीची सगळी खबर द्यायची. मी हं हं करायचो. खरं सांगायचं तर ऐकत नव्हतो.

मग रस्ता वर यायला लागला. जुना रस्ता खोदून नवा करायचा असतो, पण खोदतो कोण. त्याच्यावरच नवा थर. ओटल्याला तीन पायऱ्या होत्या, त्याच्या दोन झाल्या, मग एक, आणि शेवटी ओटला रस्त्याच्या बरोबरीला आला. पावसाळ्यात गटाराचं पाणी वर चढायचं. एरवी स्कूटरचं चाक बसलेल्या बाईच्या पायाच्या बोटांजवळून जायचं. तरी त्या गोणपाट अंथरून बसायच्या.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "अहो, तेवढा ओटा उंच करून द्या. खाली बसवत नाही आता."

मी तेव्हा एका मोठ्या स्कीमवर होतो. चार टॉवर, आणि दर फ्लॅटमध्ये काळ्या दगडाचा ओटा. सकाळपासून माझ्या हाताखाली ओटेच ओटे. इकडे आमच्या घरी गॅस पाटावर ठेवलेला. ती जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. उठताना एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला. मला वाटलं, बरोबर आहे, लोकांच्या बायकांना उभ्याचे ओटे करून देतो आणि घरची जमिनीवर. मला लाज वाटली. म्हटलं, "देतो. मलाच सुचायला पाहिजे होतं."

ती म्हणाली, "घाई नाही. पण पावसाच्या आधी करा."

पावसाच्या आधी. स्वयंपाकाच्या ओट्याला पावसाशी काय करायचं आहे? एवढ्यावर थांबून विचारायला पाहिजे होतं. पण गवंड्याला एकदा काम समजलं की तो पुढचं ऐकत नाही, सामान मोजायला लागतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला उभी केली आणि सुतळीने कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. ओटा कोपराच्या चार बोटं खाली असला की पोळी लाटताना खांदा भरून येत नाही. ती म्हणाली, "ओट्याला माझं माप कशाला?"

"बघशील."

"जगावेगळा गवंडी," ती म्हणाली आणि खुश होऊन आत गेली.

वैशाखात तिच्या भाचीचं लग्न होतं. ती अठरा दिवस माहेरी गेली. तेवढ्यात मी काम उरकलं. ओटा करायचा तर जागा पाहिजे. मागच्या खोलीत दिवसासुद्धा बत्ती लावावी लागते. जुन्या गावात जागा कमी पडली की सगळ्यांचं एकच उत्तर असतं, ओटला आत घ्यायचा. म्हणजे ओटल्याच्या बाहेरच्या कडेवर नवी भिंत उभी करायची, आतली जुनी भिंत पाडून वर गर्डर टाकायचा. खोली आयती तीन फूट वाढते. मी तेच केलं. नव्या भिंतीला लागून काळ्या दगडाचा ओटा बसवला. दगडाची कड घासून गोल केली, हात लागला तर खरचटू नये म्हणून. बाजूला नळ. भिंतीला खिडकी ठेवली. रस्त्याकडची खिडकी नजरेच्या वर घ्यायची, बाहेरून कोणी बघायला नको, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलेलं. नजर म्हणजे माझी नजर. मी पावणेसहा फूट. ती पाच फूट पण नव्हती. ओट्याला तिचं माप घेतलं आणि खिडकीला माझं.

ती आली तेव्हा मी दारातच उभा होतो. हातात पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडापासून चालत आली आणि घरापुढे येऊन थांबली. पुढे आली नाही. मला वाटलं, नवी भिंत बघून घर ओळखू आलं नसेल. म्हटलं, "हेच घर आहे, ये."

आत आली. दगडावरून तळहात फिरवला.

"उंची बराबर आहे ना?" मी विचारलं.

"बरोबर आहे."

"आता खाली बसायचं काम नाही."

"नाही," ती म्हणाली. मग वर बघितलं. "खिडकी?"

"ती वर घेतली. रस्त्यावरून दिसायला नको."

"हं."

एवढंच. पिशवीतून माहेरचे पापड काढले आणि डब्यात भरले. मला वाटलं, प्रवासाने दमली. खरं तर मी थोडा नाराज झालो होतो. अठरा दिवस राबलो आणि बाई नुसतं हं म्हणते.

बेन नंतर दोनतीन दिवस शाक घेऊन आल्या. बायको आत बोलवायची. पण घरात बोलावून बसवलं की तो पाहुणचार झाला. चहा ठेवावा लागतो, पलंगावरची चादर नीट करावी लागते. ओटल्यावर कोणी कोणाला बोलवत नाही आणि कोणी कोणाला जा म्हणत नाही. तिथे बसणारीला नवऱ्याच्या येण्याजाण्याची अडचण नसते, उठून गेली तरी राग नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आयुष्यभर भिंती बांधल्या. आत किती फूट निघतील हे प्रत्येक मालकाने मला विचारलं. बाहेर कुठे बसायचं, हे एकानेही नाही. बेन यायच्या बंद झाल्या. भांडण वगैरे काही नाही. दारातून "केम छो, बेन" आणि "मजामां", बस.

आणि मी तिथेच थांबलो नाही. माझा ओटला बघून गल्लीत लोक म्हणायला लागले, आमचा पण घ्या आत. दोन वर्षांत सहा ओटले मी माझ्या हाताने आत घेतले. कोणाची मोरी झाली, कोणाची स्कूटर आली. सहावा झाला तेव्हा गल्ली एकदम सरळ दिसायला लागली. मला त्याचा अभिमान वाटला होता, हे लिहायला पाहिजे.

एकदा मी दुपारी लवकर आलो तर ही ओट्यापुढे तेलाचा डबा उपडा घालून त्याच्यावर उभी. खिडकीच्या गजांना धरून टाचा वर केलेल्या.

"पडशील ना, उतर. काय बघते?"

"दूधवाला आला का बघते."

दूधवाला सकाळी येतो. मी डबा उचलून माळ्यावर टाकला. वर परत म्हटलं, "या वयात हाड मोडलं तर बसणार नाही." मी तिच्या भल्याचंच बोलत होतो. माझ्यासारखी माणसं नेहमी भल्याचंच बोलतात.

हळूहळू ती कमी बोलायला लागली. जेवताना आता खबर नसायची. मी उलट खुश, टीव्ही नीट ऐकू यायचा. नंतर झोप लागेना, जेवण जाईना, छातीत धडधड. डॉक्टरने सगळं तपासलं, काही निघालं नाही. त्याने मला विचारलं, "घरात बोलायला कोण आहे?"

मी म्हटलं, "मी आहे ना."

"तुम्ही घरी किती वाजता येता?"

मला त्याचा राग आला. औषध द्यायचं सोडून चौकशा करतो. गोळ्या घेऊन आलो.

ती गेली ती पोटाच्या आजाराने. भिंतीने माणूस मरतो असं मी म्हणत नाही, मी एवढा अडाणी नाही. पण त्याच्या आधीची नऊदहा वर्षं ती त्या भिंतीकडे तोंड करून उभी होती, हे खरं. जिथे बसायची, बरोबर त्याच जागेवर उभी.

आता हे मला कळलं कसं ते सांगतो. आमच्याकडे माणूस गेलं की बेसणं ठेवतात. गुजराती लोकांची रीत, बडोद्याच्या मराठी घरांतही आली. ठरलेल्या दोन तासांत लोक येतात, फोटोपुढे हात जोडतात, थोडं बसून जातात. तिच्या बेसण्याला आत बायका बसल्या आणि जागा संपली. पुरुष बाहेर गल्लीत उभे. स्कूटरवाले हॉर्न मारत मधून जायचे आणि शोक करायला आलेली माणसं भिंतीला चिकटायची. आमचा मुलगा वेगळा राहतो, त्याने खुर्च्या आणल्या होत्या, त्या मांडताच आल्या नाहीत.

समोरच्या बेन बाहेर आल्या, हे बघितलं आणि मला म्हणाल्या, "ओटलो होत तो बधा बेसत." ओटला असता तर सगळे बसले असते.

मी म्हटलं, "तिचे गुडघे दुखायचे ना बेन. तिला ओटा पाहिजे होता. तिनेच सांगितलं, उंच करून द्या."

बेन त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "भाई, तो तर ह्या ओटलाचा बोलली होती. रोड वर आला, पाणी येतो, म्हणून उंचा करा. आमी सगल्या मिळून तिला बोललो, तुजा नवरा कडिया आहे, गवंडी, त्याला सांग." आणि पुढे गुजरातीत, "एणे तो ऊंचो करवानुं कह्युं'तुं. तमे तो आखो खाई गया." तिने तर उंच करायला सांगितलं होतं, तुम्ही तर अख्खा खाऊन टाकलात.

लोक येत होते. मी हात जोडत होतो. कोण आलं, कोण गेलं, मला आठवत नाही. नंतर मी बेनना जाऊन विचारलं, मग ती मला बोलली का नाही? बेन म्हणाल्या, "मी तिला खूप लढली. ती बोलली, एवढ्या हौसेने केला, आता त्यांचा तोंड कसा पाडू."

मुलगा मला त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेला. पाचवा माळा, मोठी स्कीम. सूनबाई चांगली आहे, वेळेवर जेवण. पण सकाळी नऊला दोघं कामावर, नातू शाळेत, आणि मी. दार उघडून बाहेर आलो तर समोर बंद दारं आणि चपलांची कपाटं. लिफ्टजवळ खुर्ची टाकून बसलो तर वॉचमन वर आला. "दादा, तबियत तो ठीक है ना?" माणूस बाहेर बसला म्हणजे काही तरी बिघडलं, असा तिथला हिशोब. त्या भिंती मला ओळखीच्या वाटायच्या. असल्या मी शेकडो बांधल्या. दोन घरांच्या मध्ये आवाज जाणार नाही अशी जाड भिंत बांधून दिली की मालक पाठीवर थाप मारायचा. दीड महिन्यात मी परत आलो आणि मुलाला फोनवर सांगितलं, पुढची भिंत पाडतो, ओटला परत काढतो.

"पप्पा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? सगळं जग आत घेतंय."

"घेऊ दे."

"आई नाहीये आता. कोणासाठी?"

"तिने सांगितलेलं काम आहे. राहून गेलंय."

तो म्हणाला, "पडलात तर मला बोलवू नका." अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला, हेल्मेट घाला म्हणून.

काम उलट्या क्रमाने करायचं होतं. आधी आत, जुन्या भिंतीच्या रेषेवर भिंत बांधायची, मग बाहेरची पाडायची. नाही तर घर उघडं पडतं. हातात पूर्वीचा जोर नाही. नाक्यावरून एक मजूरबाई आणली, विटा द्यायला. ती दोन दिवस काम करून तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, मी पंधरा वर्षं हे काम करते. घर लहान करणारा माणूस पहिल्यांदा बघितला."

"मोठं करून बघितलं, जमलं नाही."

तिला तो जोक वाटला. पदर तोंडाला लावून हसली आणि घमेलं उचललं.

बाहेरची भिंत मीच पाडली. खिडकीपासून सुरुवात केली. रोज थोडं थोडं. काळा दगड निघाला तो अखंड निघाला, तो मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवला, त्याच्यावर आता माझा गॅस आहे. ओटल्याला तो नाही वापरला, काळा दगड उन्हात तापतो. ओटल्यावर फिकट कोटा फरशी घातली. रस्त्यापासून सोळा इंच उंच, मध्ये एक पायरी. सोळा इंच मला कमी पडतं, गुडघे वर येतात. तिचे पाय बरोबर टेकले असते. पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला. म्हणजे पावसाच्या आधी झालं. नऊदहा वर्षं उशीर, पण पावसाच्या आधी.

सिमेंट वाळल्यावर मी दुपारी चारला बाहेर येऊन बसलो. जाणारे येणारे बघायचे. एक जण थांबला, "काका, काम अजून बाकी आहे?"

"नाही. एवढंच आहे."

एकाने स्कूटर आणून टेकवली. मी म्हटलं, "काढ." त्याने काढली. बायका जाताना "केम छो, काका" म्हणायच्या आणि चालायच्या. बेन समोर त्यांच्या शटरशेजारच्या दारात मेथीची जुडी घेऊन उभ्या राहून निवडत होत्या. त्याही आता थकल्यात, मध्येमध्ये चौकटीला टेकायच्या. असे पाचसहा दिवस गेले. मी रोज चारला बसायचो, साडेसहाला उठायचो. ओटल्यावर मी एकटा. सातव्या दिवशी मी विचारलं, "बेन, ओटला झाला ना परत. उंच केला. बसा ना."

त्या म्हणाल्या, "तमे बेठा छो ने, भाई."

तुम्ही बसलाय ना. त्यात राग नव्हता. दुकान बंद आहे असं सांगावं तसं सांगितलं. बायको गेलेला म्हातारा ओटल्यावर बसलाय, त्याच्याशेजारी बाया कशा बसतील. मी सत्तर वर्षं या गल्लीत राहतो आणि हे मला सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी ओटला झाडला, आत आलो आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दगडावर ताट ठेवल्याचा आवाज आला. मग बेनचा आवाज, मग आणखी एक. आता चारपाच जणी येतात. त्यात दोघी नव्या, भाड्याने राहणाऱ्या, त्यांनी माझ्या बायकोला बघितलंसुद्धा नाही. बेन एकदा तिचं सांगत होत्या, कशी पहिल्यांदा आली तेव्हा मीठ मागायला हाताने खुणा करायची. सगळ्या हसल्या. मला हे माहीत नव्हतं. ती मीठ मागायला गेलेली, हेच मला माहीत नव्हतं.

मी पलंगावर बसून असतो. खोली तीन फूट लहान झाली आहे, पलंग आता दाराजवळच आहे. त्यामुळे बोलणं चांगलं ऐकू येतं. एकदा वाटलं, दार थोडं उघडं ठेवावं, वारा येईल. कडी काढली तर बाहेर एकदम सगळं गप्प झालं आणि कोणीतरी म्हणालं, "चालो, काका उठ्या." मी परत कडी घातली.

मला चारला चहा लागायचा. आयुष्यभराची सवय. आता साडेसहानंतर करतो. आत भांड्याचा आवाज झाला की त्यांना वाटतं मी बाहेर येतोय, आणि त्या उठतात.